कोऱ्या पाण्याचा आकडा

आपल्या प्रयोगशाळेतले खिडकीजवळचे टेबल आठवते का? आम्लाच्या डागांनी काळे पडलेले? त्या टेबलावर आम्ही चौघे टायट्रेशन करायचो. करायचो म्हणजे ब्यूरेटमधून आम्ल सोडायचे, रंग बदलल्यासारखा वाटला की थांबायचे आणि जर्नलमध्ये मात्र मागच्या वर्षीच्या मुलांचा आकडा उतरवायचा. एकदा साऱ्या वर्गाचे उत्तर १०.२ आले. फक्त एका मुलीने ११.६ लिहिले, तेही तिन्ही वेळा. सरांनी तिला विचारले, "बाकी सगळे चूक आणि तू एकटी बरोबर?" ती रडवेली झाली, पण तिने आकडा खोडला नाही. तास संपता संपता सरांनी स्वतः प्रयोग करून पाहिला. त्यांचेही ११.६ आले. डिस्टिल्ड वॉटर संपले म्हणून कोणीतरी तो कॅन विहिरीच्या पाण्याने भरून ठेवला होता! सर आमच्याकडे वळून एवढेच म्हणाले, "म्हणजे बाकीच्यांनी प्रयोग केलाच नाही."

त्या बाकीच्यांत मी होतो. पुढे नोकरीची बरीच वर्षे पाण्याचे नमुने तपासण्यात गेली आणि सरांचे ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिले. स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आला तेव्हा ठरवले की समुद्राचे पाणी मोजण्याच्या इतिहासावर लिहावे. कारण त्या इतिहासातही भल्याभल्यांचे असेच झाले आहे. आपण समुद्र मोजतो आहोत असे त्यांना वाटत होते आणि प्रत्यक्षात ते आपलीच बाटली, आपलेच जहाज, आपलाच हात मोजत होते.

मीठ मोजणे सोपे होते

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढी मोठी रक्कम मोजायला फार नाजूक हात लागत नाही. मूळचा जिनिव्हाचा आणि लंडनमध्ये डॉक्टरकी करणारा अलेक्झांडर मार्सेट याने १८१९ मध्ये निरनिराळ्या समुद्रांचे पाणी तपासून सांगितले की पाणी कमी खारट असो वा जास्त, त्यातल्या मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळपास सारखेच असते. कोपनहेगनच्या फोर्कहॅमर यांनी १८६५ मध्ये शेकडो नमुन्यांवरून तेच दाखवले. 'चॅलेंजर' हे ब्रिटिश जहाज १८७२ च्या डिसेंबरात निघून १८७६ च्या मे महिन्यात परतले. त्याने आणलेल्यांपैकी ७७ नमुन्यांचे विल्यम डिटमार यांनी केलेले काटेकोर पृथक्करण १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या नियमावर शिक्कामोर्तब झाले.

पण समुद्रात काय जगते आणि काय मरते हे या ३५ ग्रॅमांवर ठरत नाही. ते ठरते उरलेल्या किरकोळ खात्यावर. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट ही पोषकद्रव्ये म्हणजे समुद्राचे खत. लोह, जस्त, तांबे, कॅडमियम, शिसे, पारा हे धातू तर त्याहूनही कमी. किती कमी, ते आपल्याकडच्या विहिरीच्या हिशेबाने पाहू. एक लाख लिटर पाण्याची विहीर धरा. समुद्रात सहज सापडणारे फॉस्फेटचे प्रमाण त्या विहिरीत आणायचे तर नऊ-दहा ग्रॅम फॉस्फेट टाकावे लागेल. साधारण दोन चमचे. आणि खोल, स्वच्छ समुद्राइतके शिसे आणायचे असेल तर तांदळाचा एक दाणा घेऊन त्याचे दोनशे तुकडे करायचे आणि त्यातल्या एका तुकड्याच्या वजनाचे शिसे विहिरीत टाकायचे. ते नंतर कोणीतरी एका पेलाभर पाण्यावरून ओळखून दाखवायचे!

समुद्रातले सोने

किरकोळ खात्यातला पहिला मोठा फटका बसला तो फ्रिट्झ हाबर यांना. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करणारे हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई लादली गेली. समुद्राच्या एका टनात काही मिलिग्रॅम सोने आहे, असे तोवरचे आकडे सांगत होते. हाबर यांनी विचार केला की हे सोने काढून देशाचे कर्ज फेडता येईल. १९२३ मध्ये 'हान्सा' या प्रवासी जहाजावर प्रयोगशाळा थाटून ते अटलांटिक ओलांडून गेले. निरनिराळ्या समुद्रांतून हजारो नमुने गोळा झाले. वर्षानुवर्षे पद्धत सुधारत गेल्यावर दिसले की सोने अपेक्षेच्या हजारपट कमी आहे. पूर्वीच्या आकड्यांतले बरेचसे सोने भांड्यांतून आणि रसायनांतून आलेले होते. १९२७ मध्ये त्यांनी हे सारे प्रामाणिकपणे छापले आणि प्रकल्प गुंडाळला.

त्यांचा तो कमी झालेला आकडाही पुढे फार मोठा ठरला. आजच्या मोजणीप्रमाणे दहा कोटी टन पाण्यात जेमतेम एक ग्रॅम सोने असते. देशाची गरज, नोबेल मिळालेली बुद्धी, भरपूर पैसा, सगळे हाताशी होते. पण समुद्रातल्या सोन्याआधी आपल्या भांड्यातले सोने मोजावे लागते, ही शहाणीव मात्र काही वर्षे खर्ची पडल्यावर आली.

निळ्या रंगाची कहाणी

त्याच सुमारास इंग्लंडच्या प्लिमथ येथे अधिक शांतपणे काम चालले होते. तिथल्या सागरी जीवशास्त्र संस्थेतले ॲटकिन्स आणि हार्वी हे इंग्लिश खाडीतल्या 'ई-१' नावाच्या एका ठरावीक जागी बोटीने जात आणि पाणी आणत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ देनिजेस यांनी १९२० मध्ये सुचवलेली युक्ती ॲटकिन्स यांनी समुद्राच्या पाण्याला लावली. फॉस्फेट असलेल्या पाण्यात आम्लयुक्त मॉलिब्डेट घातले आणि त्यावर स्टॅनस क्लोराइड सोडले की निळा रंग येतो. फॉस्फेट जितके जास्त तितका रंग गडद. काचेच्या उंच नळ्या शेजारी शेजारी ठेवायच्या, वरून खाली पाहायचे आणि नमुन्याचा निळा कोणत्या ठाऊक द्रावणाच्या निळ्याशी जुळतो ते डोळ्यांनी ठरवायचे. एवढीच यंत्रसामग्री.

तेवढ्यावर त्यांनी समुद्राचे ऋतुचक्र दाखवून दिले. हिवाळ्यात फॉस्फेट भरपूर असे. वसंतात ऊन वाढले की सूक्ष्म वनस्पती प्लवक फोफावत आणि फॉस्फेट जवळजवळ संपून जाई. हिवाळ्याचा आकडा वजा उन्हाळ्याचा आकडा, म्हणजे मधल्या काळात उगवलेले पीक. शेतात किती खत संपले यावरून धान्याचा अंदाज बांधावा तसे. अमेरिकेत आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये दाखवले की समुद्राच्या पाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरसचे प्रमाण प्लवकांच्या शरीरातल्या प्रमाणाशी जुळते. आज ते १६ ला १ असे शिकवले जाते.

पण इथेही एक खोच निघाली. खारट पाण्यात तोच निळा रंग गोड्या पाण्यापेक्षा फिका पडतो. प्लिमथच्याच कूपर यांनी १९३८ मध्ये या 'क्षारदोषा'कडे लक्ष वेधले आणि आधीचे आकडे वाढवून वाचावे लागले. १९३० च्या सुमारास त्या खाडीतले हिवाळी फॉस्फेट घटले आणि हेरिंग मासळीही गेली, असा निष्कर्ष तिथे पुढे बरीच वर्षे सांगितला गेला. मासळी गेली हे खरेच होते. पण फॉस्फेटच्या घटीतला किती भाग समुद्रातला आणि किती मोजण्याच्या पद्धतीतला, असा प्रश्न पुढच्या शास्त्रज्ञांनी उपस्थित केला. कोणाचीही लबाडी नसताना हे झाले.

१९६२ मध्ये लिव्हरपूलच्या मर्फी आणि रायली यांनी सगळी रसायने एकाच द्रावणात बसवली. स्टॅनस क्लोराइडऐवजी ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आवळ्यातले जीवनसत्त्व क, आणि जोडीला थोडे अँटिमनी. दहा मिनिटांत स्थिर निळा रंग येतो आणि तो डोळ्याऐवजी यंत्र वाचते. आजही जगभर, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळांतही, फॉस्फेट याच रीतीने मोजतात. नायट्रेटसाठी पाणी कॅडमियमच्या नळीतून सोडतात, त्याचे नायट्राइट होते आणि त्यावर दोन रसायने घातली की सुंदर गुलाबी रंग येतो. निळा आणि गुलाबी, या दोन रंगांवर समुद्राच्या सुपीकतेचे निम्मे शास्त्र उभे आहे.

या कामातली पथ्ये स्वयंपाकघरातल्या सोवळ्यासारखी आहेत. बाटल्या कपड्याच्या पावडरीने धुवायच्या नाहीत, तिच्यात फॉस्फेट असू शकते. सिलिकेटचा नमुना काचेत ठेवायचा नाही, काचच सिलिकेट सोडते. अमोनिया तपासताना आसपास कोणी सिगारेट ओढायची नाही, धुरातला अमोनिया पाण्यात उतरतो. नमुना उन्हात विसरायचा नाही, कारण बाटलीतले जीव आतले खत खाऊन टाकतात आणि संध्याकाळी आपण सकाळच्या समुद्राऐवजी त्यांचे उष्टे मोजतो.

एका माणसाचा शिशाशी झगडा

धातूंच्या बाबतीत जगाचे डोळे उघडले ते कॅलिफोर्नियातल्या क्लेअर पॅटरसन यांनी. उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचे वय काढण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते. पण आकडे काही केल्या जुळेनात. शेवटी ध्यानात आले की शिसे उल्केत कमी आणि प्रयोगशाळेत जास्त आहे. धुळीत, नळाच्या पाण्यात, रसायनांत, माणसाच्या केसांत. मग त्यांनी खोलीच नव्याने बांधली, गाळलेली हवा आत घेतली, रसायने पुन्हा पुन्हा शुद्ध केली. १९५६ मध्ये त्यांनी पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असे प्रसिद्ध केले आणि ते आजही टिकून आहे.

तीच शिस्त घेऊन ते समुद्राकडे वळले. वरच्या पाण्यात शिसे खोल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त आढळले. जुने, नैसर्गिक शिसे असते तर असे दिसले नसते. हे वरून, हवेतून पडत होते. गाडीच्या पेट्रोलमध्ये १९२३ पासून मिसळले जाणारे शिसे धुराबरोबर समुद्रापर्यंत पोचले होते. उद्योगांकडून त्यांना कडवा विरोध झाला. पण मला त्यांचे मोठेपण वेगळ्याच गोष्टीत वाटते. पुढे पद्धत आणखी स्वच्छ झाल्यावर त्यांनी मान्य केले की माझे स्वतःचे सुरुवातीचे आकडेही फुगलेलेच होते. १९८१ मध्ये शाउले आणि पॅटरसन यांनी खोल पॅसिफिकसाठी दिलेला आकडा किलोमागे सुमारे एक नॅनोग्रॅम होता. मघाचा तांदळाचा तुकडा तो हाच.

आपल्या देशातून शिशाचे पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीत हद्दपार झाले. आपल्या मुलानातवंडांच्या रक्तात आज आपल्या पिढीइतके शिसे जात नाही, त्यामागे स्वतःची खोली आधी झाडणाऱ्या या माणसाचा वाटा आहे.

१९७० च्या दशकात इतरांनीही हे पथ्य उचलले आणि मग चमत्कारच झाला. तोवर समुद्रातल्या धातूंचे आकडे पाखरांनी उधळलेल्या दाण्यांसारखे इकडे तिकडे पसरलेले असत. १९७६ मध्ये बॉइल, स्क्लेटर आणि एडमंड यांनी स्वच्छ पद्धतीने कॅडमियम मोजले, तर त्याची वरपासून खोलपर्यंतची रेषा हुबेहूब फॉस्फेटच्या रेषेसारखी निघाली. पाठोपाठ ब्रुलँड आणि सहकाऱ्यांनी जस्ताची जोडी सिलिकेटशी जुळते असे दाखवले. धातू आणि खत यांचा प्रवास बरोबरीने होतो. वर प्लवक त्यांना अंगात घेतात, मेलेले प्लवक खाली जातात आणि खोलवर कुजून दोन्ही परत पाण्यात सुटतात. हे चित्र समुद्रात आधीपासूनच होते. जहाजाचा गंज, रंगातले तांबे, बाटलीच्या रबरातले जस्त यांनी ते झाकले होते. तेव्हापासून नियम झाला की धातूचा आकडा खरा मानायचा तर तो शेजारच्या आकड्यांशी सुसंगत हवा आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतही तसाच यायला हवा. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तर प्रमाणित धातू असलेले समुद्राचे पाणीच बाटलीबंद करून द्यायला सुरुवात केली, त्यात किनाऱ्याजवळचे पाणी वेगळे. प्रयोगशाळेने आधी ते मोजून दाखवायचे, मग आपल्या खाडीबद्दल बोलायचे.

आपला किनारा

आपल्याकडे या कामाला जोर आला तो १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने. चाळीसहून अधिक जहाजे त्यात होती, आपल्या नौदलाचे 'आयएनएस किस्तना'ही होते. त्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे आणि मुंबईत तिचे विभागीय केंद्र आहे. पुढे 'गवेषणी' आणि १९८३ मध्ये 'सागर कन्या' ही जहाजे आली.

अरबी समुद्राची एक खासियत आहे. त्याच्या मधल्या थरात ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि तिथले जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात. पावसाळ्यात हे गुदमरलेले पाणी आपल्या किनाऱ्याच्या उथळ भागावर चढते. वर पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी झाकणासारखे बसते, त्यामुळे खाली हवा पोचत नाही. गोव्याजवळ कांदोळीसमोर संस्थेचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे एकाच रांगेत पाणी तपासत आले आहेत, प्लिमथच्या त्या ई-१ सारखेच. पावसाळा सरताना तळाशी आधी नायट्रेट संपते आणि मग हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू, तयार होतो. २००० साली नक्वी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' नियतकालिकात मांडले की ही घुसमट तीव्र होत असावी आणि जमिनीवरून येणाऱ्या नायट्रोजनचा, म्हणजे खतांचा, त्यात हात असू शकतो. मासळीवर पोट असलेल्या किनाऱ्याला ही साधी गोष्ट नाही. पण 'तीव्र होत आहे' असे म्हणायला आजचा आकडा पुरत नाही, जुना आकडाही विश्वासाचा लागतो. चाळीस वर्षांपूर्वी कोणी बाटली नीट धुतली होती की नाही, यावर आजचा निवाडा अवलंबून असतो.

धातूंचे आपल्याजवळचे उदाहरण म्हणजे ठाण्याची खाडी. कॉस्टिक सोड्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरला जाई आणि त्यातला काही सांडपाण्याबरोबर बाहेर पडे. १९८१ मध्ये समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर निबंध प्रसिद्ध केला. जपानमधल्या मिनामाताची आठवण तेव्हा जगात ताजी होती. तिथला आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला, कारखान्यातल्या पाऱ्यावर सरकारने ठपका ठेवायला १९६८ उजाडले आणि तळाचा गाळ काढण्याचे काम १९७७ ते १९९० पर्यंत चालले. पाऱ्याची गंमत अशी, खरे तर गंमत कसली, की तो पाण्यात फारसा दिसतच नाही. तो गाळात बसतो आणि मासळीत साठतो. नुसते पाणी तपासून 'सर्व ठीक' असा दाखला देता येतो. पुढे आपल्याकडच्या कारखान्यांनीही पाऱ्याऐवजी मेंब्रेनची पद्धत घेतली. मात्र गाळाची आठवण कारखान्यापेक्षा लांब असते.

खाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आपण किनाऱ्याची माणसे चटकन समजू शकतो. नमुना ओहोटीला घेतला तर गावाचे आणि कारखान्याचे पाणी येते, भरतीला घेतला तर समुद्राचे. ज्याला आकडा लहान हवा असेल त्याने उधाणाच्या भरतीला बाटली बुडवावी. यंत्र लाखोंचे असेल, पद्धत बिनचूक असेल, तरी उत्तर खोटे. म्हणून वेळ, भरती-ओहोटी, खोली, महिना हे सगळे आकड्याशेजारी लिहिलेले नसेल तर तो आकडा कोणाला दोषी ठरवायलाही उपयोगाचा नाही आणि निर्दोष सोडायलाही नाही. खाडीकाठच्या कोळ्याने 'मासळी गेली' म्हटले तर त्याच्याकडे कागद मागतात. तो कागद खरा असणे हे मोजणाऱ्याच्या हातात आहे.

कोरे पाणी

आज धातूंचा नमुना घेणारे लोक आम्लात आठवडेच्या आठवडे भिजवलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या पिशवीत पिशवी अशा दुहेरी बांधून नेतात. एक जण फक्त बाहेरच्या पिशवीला हात लावतो, दुसरा फक्त आतल्या. बोटीचा धूर आणि रंग टाळण्यासाठी वाऱ्याच्या बाजूला तोंड करून पाणी घेतात. आणि प्रत्येक फेरीत एक बाटली अशी असते की तिच्यात समुद्र नसतोच. अतिशुद्ध पाणी भरून तिलाही बोटीवर न्यायचे, उघडायचे, बंद करायचे, सगळी रसायने घालायची आणि मोजायचे. याला ब्लँक म्हणतात, मी कोरे पाणी म्हणतो. कोऱ्या पाण्यात जे येते ते आपले, समुद्राचे नव्हे. ते वजा केल्याशिवाय समुद्राबद्दल तोंड उघडायचे नाही. कोऱ्याचाच आकडा नमुन्याएवढा आला तर दिवसभराचे काम टाकून द्यायचे. हे टाकून देणे फार जिवावर येते, अनुभवाने सांगतो.

या मेळाव्याच्या निमित्ताने शाळेच्या प्रयोगशाळेला साहित्य देण्याचे चालले आहे. जरूर देऊ या. माझी त्यात एक भर आहे आणि तिला खर्च नाही. मुलांच्या जर्नलमध्ये निरीक्षणांच्या तक्त्यात सगळ्यात वरती एक ओळ 'कोरे पाणी' अशी असावी आणि जो मुलगा किंवा मुलगी आपल्याला दिसलेला आकडा लिहील, तो वर्गाशी जुळो न जुळो, त्याचे गुण कापले जाऊ नयेत. आपल्या वर्गात त्या दिवशी कोणी डिस्टिल्ड वॉटरचे नुसते टायट्रेशन करून पाहिले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. तिला रडावे लागले नसते.

तिचे नाव इथे लिहीत नाही. मेळाव्याला आली असेल तर हे वाचून ती ओळखेल. तिची माफी मागायची राहून गेली आहे. माझे जर्नल त्या तासाला तिच्या शेजारीच उघडे होते आणि त्यात १०.२ लिहिलेले होते.